आरव्ही फ्रिजचा हीटिंग एलिमेंट बदलला: पार्ट चांगला, वायरी आखूड, चार स्टार

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. आमची आरव्ही म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, त्यातला फ्रिज गॅसच्या किंवा विजेच्या आचेवर गार होतो (कसा ते खाली), आणि विजेची आच देणारी कॉइल म्हणजे हा एलिमेंट. १२० व्होल्टचा, ३२५ वॉटचा कॉपी, म्हणजे ओरिजिनल कंपनीचा नसलेला, एलिमेंट, ३६ डॉलरला घेतला, जुलैत लावला, ऑक्टोबर संपेपर्यंत एकदाही कुरकुर नाही. चार स्टार. पाचवा कापला तो वायरींसाठी, त्याचं रडगाणं खाली आहेच.

आता रामायण. आम्ही मिशिगनला राहतो, २०२१ मध्ये जो तो ट्रेलर घेत सुटला होता तेव्हा आम्हीपण एक २०११ चा जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, मागे पोरांचे बंक, पुढे आमचा पलंग, मधे स्वयंपाकघर म्हणायचं म्हणून एक ओटा आणि त्याच्या शेजारी हा फ्रिज. या जूनमध्ये लडिंग्टन स्टेट पार्कला गेलो होतो, तीन रात्री. बायकोने निघायच्या आधी दोन दिवस खपून घरचा चक्का टांगून श्रीखंड केलेलं, इडलीचं पीठ एका डब्यात, कोथिंबीर निवडून कागदात गुंडाळलेली, अर्धा गॅलन दूध, सगळं बाइजवार फ्रिजात लावलेलं. फ्रिज आदल्या दिवसापासून घरच्या ड्राइव्हवेवर गॅसवर थंड करून ठेवला होता त्यामुळे निघताना एकदम गार. कॅम्पसाइटवर पोचलो, खांबावरचा ३० अँपचा प्लग लावला, फ्रिज ऑटोवर टाकला, हिरवा दिवा लागला, आम्ही निवांत पाण्यावर.

सकाळी दार उघडलं तर इडलीच्या पिठाने डब्याचं झाकण वर उचललेलं आणि खालच्या कप्प्यात ओघळ आलेला. घरी थंडीत ओव्हनचा दिवा लावून ठेवला तरी दोन दोन दिवस न फुगणारं पीठ, इथे फ्रिजात एका रात्रीत टम्म. बायको शांतपणे म्हणाली, "अरे हा फ्रिज नाहीये, उबवणी पेटी आहे." श्रीखंड त्या दिवशी सकाळी नाश्त्यालाच संपवावं लागलं, पोरांची चंगळ.

समोरचा दिवा मात्र हिरवागार. हीच या फ्रिजची गंमत आहे आणि इथेच माणूस फसतो. ऑटोवर टाकला की मागचा कंट्रोल बोर्ड एवढंच बघतो की १२० व्होल्ट येतंय का, येत असेल तर तो विजेवर जातो आणि वीज गेली तरच गॅसवर येतो. एलिमेंट मेलाय हे त्याला कळतच नाही. त्याने करंट पाठवला, त्याचं काम झालं, पुढे कोणी तापतंय का नाही हे बघायला तो जात नाही. आपल्याकडची काही ऑफिसं आठवली.

मी बटण दाबून ऑटो बंद केला आणि नुसता गॅसवर टाकला. टकटकटक आवाज, भप्प करून बर्नर पेटला, आणि दुपारपर्यंत फ्रीझर गार. म्हणजे गॅसवर चालतो, विजेवर नाही. ज्यांचा असा झालाय त्यांनी हे वाक्य पाठ करा, कारण याचा अर्थ मागचं कूलिंग युनिट, म्हणजे गार करणारं नळ्यांचं जाळं, शाबूत आहे आणि खर्च हजारात नाही तर डॉलरच्या दोन नोटांत आहे. उरतं काय तर फ्यूज, बोर्ड किंवा एलिमेंट.

पण मी शहाणा, एका फिरत्या आरव्ही मेकॅनिकला फोन केला. तो ट्रेलर न बघता, मी गॅसवर चालतोय असं दोनदा सांगूनही, म्हणाला की कूलिंग युनिट गेलं असणार, एवढा जुना फ्रिज दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवीन बसवून देतो, १९०० डॉलर. बघायला यायचे १७५ वेगळे. मी म्हटलं विचार करून सांगतो. अजून विचारच करतोय.

हा फ्रिज घरच्यासारखा नसतो हे आधी सांगायला हवं. कॉम्प्रेसर नाहीच. मागे एक बंद नळ्यांचं जाळं, त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खाली बॉयलरला आच द्यायची, गॅसची ज्योत किंवा विजेचा एलिमेंट, दोन्हीपैकी एक. त्या आचेने अमोनिया पाण्यातून उकळून बाहेर पडतो, त्याचे बुडबुडे चहाचं आधण उतू जावं तसं पातळ द्रावण नळीतून वर ढकलतात, अमोनिया वर जाऊन मागच्या पात्यांमध्ये थंड होऊन त्याचा द्रव होतो, मग आतल्या नळीत हायड्रोजनच्या संगतीत त्याची परत वाफ होते आणि ती होताना फ्रिजातली उष्णता ओढून घेते, शेवटी परत पाण्यात विरघळून खाली. फिरणारा एकही भाग नाही, आवाज नाही. ताप दिला की थंडी मिळते. १९२२ साली स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स नावाच्या दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हे डोकं चालवलं, आणि ते अजून तसंच चालू आहे. आइनस्टाइननेही लिओ सिलार्ड नावाच्या शास्त्रज्ञाबरोबर असाच बिनफिरत्या भागांचा फ्रिज काढला होता, १९३० चं अमेरिकन पेटंट आहे त्यांचं. तो काही कोणाच्या ट्रेलरमध्ये पोचला नाही, आमच्या नशिबी स्वीडनवाला.

तर मुद्दा असा की या सगळ्यात विजेवर चालताना तापणारी वस्तू एकच, तो एलिमेंट. गीझरची कॉइल जाते ना, अगदी तेच.

घरी आल्यावर ट्रेलर ड्राइव्हवेला लावला आणि बाहेरून फ्रिजच्या मागची खालची जाळी काढली, दोन पिळायच्या कड्या असतात, नाण्याने फिरवल्या की निघते. आत कोळ्यांचं साम्राज्य. बोर्डाचं काळं झाकण काढलं, ५ अँपचा काचेचा फ्यूज बघितला, ठीक. मीटर लावून बघितलं तर एलिमेंटच्या दोन टोकांना बोर्ड १२० व्होल्ट देत होता. मग प्लग काढला, एलिमेंटच्या दोन्ही वायरी बोर्डावरून सोडवल्या आणि ओहम मोजले. काहीच नाही. मीटर ओपन दाखवतोय. कॉइल तुटलेली. पाच मिनिटांत निदान, आणि तो बाबा १७५ मागत होता.

मग ऑनलाइन पहिली ऑर्डर. फोटो जुळला, मॉडेल नंबर जुळला, २२ डॉलर, फुकट शिपिंग, घेतला. चार दिवसांनी आला. दिसायला हुबेहूब. रविवारी सकाळी आप्पांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तोच हातात घेऊन बसलो होतो. आप्पांनी इचलकरंजीत पस्तीस वर्षं मोटर रिवाइंडिंगचं काम केलंय, त्यांना असली वस्तू स्क्रीनवर दिसली की नातवंडं बाजूला राहतात.

"काय करायलास? काय ते हातात?"

"कॉइल आप्पा, फ्रिजची."

"फ्रिजला कॉइल? तापवायची?" मग मी त्यांना वरचं सगळं सांगितलं. दोन मिनिटं गप्प. "बरं. ओहम मोजलास काय?"

"नवीन आहे की आप्पा."

"नवीन हाय म्हणून तर मोजायचं. लाव मीटर."

लावला. १६३ ओहम. आप्पांनी तिकडे कॅलेंडरच्या मागे पेनाने काहीतरी आकडेमोड केली आणि हसायला लागले. "तिकडं व्होल्टेज किती रे? एकशे वीसच न्हवं? मग हा आपल्याकडचा आला की तुझ्याकडं!"

खरंच. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट, शाळेतलं गणित. १२० चा वर्ग १४४००, भागिले ३२५, म्हणजे ४४ च्या आसपास ओहम यायला पाहिजेत. १६३ येतात ते २३० व्होल्टला. म्हणजे विकणाऱ्याने २३० व्होल्टवाला पाठवला होता. तो मी लावला असता तर १२० वर जेमतेम ८८ वॉट तापला असता, बॉयलर कोमट, फ्रिज तसाच गरम, आणि मी त्या १९०० डॉलरवाल्याला परत फोन केला असता. नीट बघितल्यावर नळीवर बारीक ठसा होता २३०, जाहिरातीत मात्र कुठेही नव्हता. दुकानाचं नाव घेत नाही, पैसे परत दिले त्यांनी दोन मेल केल्यावर, वस्तू परत पाठवू नका म्हणाले. पण आठवडा गेला.

म्हणून सांगतो, फोटो बघून घेऊ नका. जुन्या एलिमेंटच्या नळीवर व्होल्ट आणि वॉट ठोकलेले असतात ते वाचा, किंवा फ्रिजच्या आत दाराच्या बाजूला जो स्टिकर असतो त्यावर. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलला वेगळा वॉट असतो, काहींना तर दोन दोन एलिमेंट असतात. जास्त वॉटचा टाकला तर लवकर गार होईल असं डोक्यात आणू नका, बॉयलर जास्त तापला की आतला सगळा खेळच बिघडतो आणि मग खरंच फ्रिज बदलायची वेळ येते.

दुसरा मागवला तो हा, ज्याचा रिव्ह्यू चाललाय. डब्यातून काढल्या काढल्या मीटर. ४४.६ ओहम. आप्पांना फोटो पाठवला, त्यांचा अंगठा आला.

बसवण्यापेक्षा जुना काढणं हीच खरी लढाई. प्लग काढला, गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि रात्रभर गार होऊ दिला, कारण बॉयलर चालू असताना चांगलाच चटका देतो. बॉयलरभोवती पत्र्याचं एक उभं डबं असतं, त्याचे स्क्रू काढून ते उघडलं की आत पिवळट काचेचा कापूस ठासून भरलेला. हातमोजे आणि मास्क घाला, मी हातमोजे घातले पण बाह्या दुमडलेल्या होत्या, दोन दिवस कोपरापर्यंत खाजत होतो. कापूस बाजूला केला की बॉयलरच्या नळीला चिकटवलेली एक उभी पोकळ नळी दिसते, एलिमेंट त्यात वरून सोडलेला असतो, पेन्सिलीपेक्षा जाड आणि वीतभरापेक्षा जरा कमी, वर दोन वायरी बाहेर आलेल्या.

जुना किती खोल बसलाय त्याची मार्करने खूण करून ठेवा आणि काढण्याआधी फोनवर फोटो काढा. नवीन तेवढ्याच खोलीवर बसायला हवा नाहीतर आच भलत्या ठिकाणी लागते. हे मी केलं म्हणून वाचलो.

माझा जुना एलिमेंट चौदा वर्षांत फुगून आणि गंजून त्या नळीचाच भाग झाला होता. ओढला, हलेना. वायर धरून ओढली तर एक वायर माझ्या हातात आली, एलिमेंट तिथेच. मग वरचं अर्धा सेंटिमीटर टोक पक्कडीत धरून डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, ऊस पिळावा तसं, जराही जोर न लावता. गंज सोडवायचं तेल दोन थेंब सोडलं, दोनच, कारण त्याच्या खाली वितभरावर बर्नर आहे आणि नंतर तिथे ज्योत पेटणार आहे, जे ओघळलं ते फडक्याने पुसून घेतलं. चहा पिऊन आलो. परत डावीकडे उजवीकडे. शेजारचा पीटर, नाव बदललंय, तो हातोडी घेऊन आला आणि म्हणाला ठोकू का खालून. मी अक्षरशः त्याचा हात धरला. त्या नळीला चिकटलेल्या बॉयलरच्या नळ्यांत दाबाखाली अमोनिया आणि हायड्रोजन आहे, त्या चिरल्या तर फ्रिज कायमचा गेला आणि अमोनिया तोंडावर. ठोकायचं नाही, टॉर्चने तापवायचं तर अजिबात नाही. आणि कापसाखाली किंवा नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर तिथेच थांबा, युनिट गळतंय, एलिमेंट बदलून काही होणार नाही.

दीड तासाने कर्र असा आवाज आला आणि तो एकदम एक बोटभर फिरला. पुढे पाच मिनिटांत बाहेर. मधोमध काळा फोड आलेला, तिथेच फुटला होता. पोरगा म्हणाला जळकी उदबत्ती.

नवीन अगदी सरळ आत गेला, ना ढिला ना घट्ट, याचे गुण पूर्ण. ढिला असता तर उष्णता नीट पोचत नाही आणि लवकर जळतो म्हणतात, हा बरोब्बर बसला.

आणि मग वायरी. जुन्याच्या वायरी बोर्डापर्यंत आरामात पोचत होत्या, याच्या चार बोटं कमी. चार बोटं! वायरचे असे किती पैसे वाचवले यांनी? डब्यात दोन प्लास्टिकच्या टोप्या दिल्यात जोडायला, त्या बॉयलरजवळ लावल्या तर पहिल्याच दिवशी वितळून खाली ओघळतील. त्या सरळ कचऱ्यात टाका. मी हार्डवेअरच्या दुकानातून उष्णता सहन करणारी काचेच्या विणीची वायर आणि चिनी मातीच्या टोप्या आणल्या, ११ डॉलर वरचे, आणि जोड बॉयलरपासून लांब बोर्डाच्या जवळ घेतला. डब्यात कागदाचं एक चिटोरंसुद्धा नाही, कसं लावायचं, किती खोल, काही नाही. ज्याला माहीत नाही तो प्लास्टिकची टोपी लावणार आणि मग ट्रेलर पेटला म्हणून बोंबलणार. ३६ चे ४० घ्या पण वायर पुरेशी द्या रे.

कापूस परत ठासून भरला, हा नीट भरणं महत्त्वाचं आहे, कंटाळा केला तर आच बाहेरच वाया जाते. पत्रा लावला, प्लग लावला, या वेळी ऑटो नाही, नुसता विजेवर. पाच मिनिटांत जळका वास आणि थोडा धूर, माझ्या पोटात गोळा. एलिमेंटवरचं तेल आणि आवरण जळतं पहिल्यांदा, दहा मिनिटांत थांबलं. क्लॅम्प मीटर लावला, २.७ अँप. हिशोब जुळला.

सकाळी दहाला चालू केला, दुपारी तीनला फ्रीझरच्या पात्यांवर दव, रात्री झोपताना खालच्या कप्प्यात ३८ फॅरनहाइट. ४० च्या खाली पाहिजे असतं, झालं. हे फ्रिज मुळातच संथ, घरच्या फ्रिजसारखी दोन तासांत अपेक्षा करू नका आणि निघायच्या आदल्या दिवशीच चालू करा. ट्रेलर सपाट उभा पाहिजे हेही विसरू नका, आत पंप नाही, द्रावण उतारानेच परत येतं, तिरका उभा केला की ते अडकतं आणि बॉयलर कोरडा तापतो. मी आता बबल लेव्हल फ्रीझरच्या आत ठेवून बघतो, बाहेर ट्रेलरला चिकटवलेल्या लेव्हलवर भरवसा नाही.

ओरिजिनल पार्ट दुप्पट किमतीला मिळतो आणि त्याच्या वायरी लांब असतात असं ऐकलंय, ज्यांना जोडाजोडी नको त्यांनी तो घ्यावा. नव्या ट्रेलरांमध्ये आता १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रिज येतात, पटकन गार होतात, तिरके चालतात, मान्य. पण त्यांना बॅटरी आणि सोलर तगडं लागतं, आणि आम्ही वर्षातून दोनदा तरी जंगलात बिनविजेच्या जागी जातो, तिथे हा म्हातारा २० पौंडांच्या सिलिंडरवर आठवडाभर आवाज न करता बसतो. म्हणून ठेवलाय.

ऑगस्टमध्ये परत लडिंग्टनला गेलो, तेच पीठ, तोच डबा. तिसऱ्या दिवशीही झाकण जागेवर. बायकोने डबा हलवून बघितला आणि म्हणाली, "आता इडल्या दडस होणार." यांना काय करून खूश करावं कळत नाही.

तो पहिला, २३० व्होल्टचा, अजून गॅरेजच्या कपाटात आहे. मी टाकणार होतो. आप्पांना बोलता बोलता सांगितलं तर ते एकदम उसळले, "टाकू नको! येताना घेऊन ये, इथं चालतोय की तो. पक्ष्यांच्या पिल्लांची पेटी करतो त्याची." डिसेंबरात जातोय, कपड्यांच्या आधी तोच बॅगेत ठेवलाय, विमानतळावर ही काय वस्तू म्हणून विचारलं तर काय सांगायचं ते मात्र अजून ठरलं नाहीये.